पिकअप मिसिंग मारतेय? आधी सिलेंडर शोधा, मग पैसे काढा

उमराण्याहून पिंपळगावला टोमॅटो नेताना राहूड घाटात गाडी दमली. एरवी तिसऱ्यात चढणारी गाडी दुसऱ्यात आणली, तरी स्टिअरिंगची थरथर हाताला जाणवत राहिली. चांदवडला चहाला थांबलो तेव्हा इंजिन सुरूच ठेवलं होतं. सायलेन्सरमधून एकसारखा ‘धड-धड-धड-धड’ आवाज यायला हवा, तिथे ‘धड-धड-धड-’ आणि मग एक पोकळी. पिकअपला पिकअप नाही, असं पोरं हसत म्हणाली. क्रेट रिकामे करून परतताना वाटेतल्या एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने बॉनेटसुद्धा पुरतं न उघडता निदान सांगितलं, “इंजिन काम काढावं लागेल. चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चाला.”

शेवटी खर्च आला नऊशे रुपये आणि एक रविवार. गॅरेजवाला खोटारडा होता असं मी म्हणणार नाही, पण त्याने शोधलं काहीच नव्हतं. मिसिंगच्या कामात गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात ते शोधण्याआधी बदलण्यात: आज फिल्टर, उद्या नोजलचा सेट, परवा पंप खोल. म्हणून गाडी गॅरेजला न्यायच्या आधी दोनच प्रश्नांची उत्तरं स्वतः काढायची. कोणता सिलेंडर मेलाय? आणि त्याला डिझेल नीट मिळत नाही की दाब धरत नाही? ही उत्तरं घरच्या अंगणात, जवळपास फुकटात मिळतात.

हे लिखाण मुख्यतः जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल पिकअपसाठी आहे. आपल्याकडे अशा गाड्या खूप आहेत. माझी बोलेरो पिकअप २५२३ सीसीची, चार सिलेंडरची. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, एवढाच कारभार. त्यामुळे एखादा सिलेंडर पेटत नसेल तर कारणं मोजकी असतात. डिझेल पोचत नाही, पोचतं पण फवारा होत नाही, किंवा हवा पुरेशी दाबली जात नाही.

पाना हातात घेण्याआधी कान लावा. मिसिंग ठेक्यात आहे की कधीमधी? दर फेरीला तोच एक ठोका गळत असेल तर दुखणं एका सिलेंडरचं. पण गाडी मध्येच झटके खाते, मध्येच सरळ धावते, चढावर किंवा टाकी अर्ध्याखाली गेली की बंद पडू पाहते, असं असेल तर चारही सिलेंडर उपाशी आहेत. म्हणजे डिझेलमध्ये हवा, पाणी किंवा कचरा. धुराचा रंगही बघा. गाडी गरम झाल्यावरही पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर येत राहिला तर न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी थंडीत पहिलं मिनिटभर खडखडून मग सुरळीत होणाऱ्या गाडीवर इतक्यात खर्च करू नका, फक्त लक्ष ठेवा.

गाडी अनियमित झटके खात असेल तर हवेपासून सुरुवात करा, कारण ही तपासणी सगळ्यात स्वस्त. फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या जागी तेवढ्याच जाडीची, डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी लावा. हार्डवेअरच्या दुकानात फूटभर तुकडा पन्नास-साठ रुपयांत मिळतो. इंजिन सुरू करून त्या नळीकडे बघत बसा. पिवळसर डिझेल स्थिर वाहताना दिसलं तर ठीक. मण्यांसारखे बुडबुडे पळताना दिसले तर कुठून तरी हवा ओढली जातेय. बहुतेक वेळा गुन्हेगार फिल्टरच्या बँजो बोल्टखालचा तांब्याचा वायसर किंवा तडकलेली रबरी नळी असते. वायसर दहा-वीस रुपये, नळी शंभर-दीडशे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर बसतो. फिल्टर तीनशे ते सहाशे रुपयांत येतो. बदलल्यावर हातपंप मारून एअर काढायला विसरू नका, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही आणि तुम्ही नव्याच दुखण्याच्या मागे लागाल.

ठोका ठेक्यात गळत असेल तर मात्र खरी परीक्षा नटांची.

त्याआधी एक कडक सूचना. तुमची गाडी कॉमन रेल असेल तर पुढचा प्रयोग अजिबात करू नका. ओळखायला सोपं आहे. कॉमन रेलमध्ये पंपातून डिझेल आधी एका जाड पोलादी नळीत जातं, तिथून चार पाइप निघतात आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचं कनेक्टर असतं. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. साध्या गाडीत पंपातून चार पाइप थेट चार इंजेक्टरांना जातात. तिथेही नोजल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतो, तेव्हा हा दाब खेळण्यातला समजू नका. चष्मा, हातमोजे, नटावर जाड चिंधी, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर डिझेल पडू द्यायचं नाही. दाबाचं डिझेल कातडीत घुसलं तर सुई टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठा.

आता प्रयोग. गाडी गरम, आयडलला. इंजेक्टरवर येणाऱ्या पाइपच्या नटाला बहुतेक गाड्यांत सतराचा पाना लागतो, काहींत एकोणिसाचा. रेडिएटरकडून मोजून खडूने एक-दोन-तीन-चार लिहा. कंपनीची गणती उलटी असू शकते, पण आपल्याला खूण आपल्यापुरतीच हवी. पहिला नट अर्धा ते एक आटा सैल करा. चिंधी भिजू लागेल आणि इंजिनाचा आवाज लगेच पडेल, गाडी आणखी थरथरेल. याचा अर्थ तो सिलेंडर काम करत होता आणि तुम्ही त्याचं डिझेल तोडलंत. नट घट्ट करा, आवाज परत वर येईल. मग दुसरा. माझ्या गाडीत एक आणि दोन नंबरला इंजिन कण्हलं. तिसऱ्याचा नट सैल केला तर काहीच नाही. चिंधी भिजली, डिझेल ठिपकलं, पण आवाजात केसाचा फरक नाही. आधीच मेलेल्याचं जेवण तोडून त्याला काय फरक पडणार?

नटाला हात लावायची भीती वाटत असेल, किंवा गाडी कॉमन रेल असेल, तर उष्णतेवरून शोधा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करून दोन मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही फांद्यांचं तापमान बघा. पिस्तुलासारखा थर्मामीटर सात-आठशेला मिळतो. तोही नको असेल तर प्रत्येक फांदीवर ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडा. तीन ठिकाणी चर्र होईल, एका ठिकाणी थेंब तसाच बसून राहील. कॉमन रेलवाल्यांनी इथे थांबून स्कॅनरवाल्याकडे जावं. तपासणीचे तीनशे ते आठशे रुपये सत्कारणी लागतात, आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून मागा. त्या गाड्यांचा एक नवा इंजेक्टर बारा-पंधरा हजारांच्या पुढे जातो, दुरुस्ती तीन ते सहा हजारांत होते. चार नवे घालायचा सल्ला मिळाला तर चारही टेस्टचे आकडे कागदावर मागितल्याशिवाय होकार देऊ नका.

सिलेंडर सापडला, आता दुसरा प्रश्न. तीन नंबरचा इंजेक्टर काढून दोनमध्ये बसवा, दोनचा तीनमध्ये. बसण्याची जागा साफ करा आणि दोन्हीकडे खालचे तांब्याचे वायसर नवे घाला, पंधरा-पंधरा रुपयांचे. जुना वायसर परत घालायचा मोह होतो. तो चपटा झालेला असतो, तिथून कॉम्प्रेशन फुसकतं आणि निदान फसतं. बसवून पुन्हा नटांची परीक्षा घ्या. मिसिंग इंजेक्टरबरोबर दोन नंबरला सरकलं तर नोजल खराब. तीनवरच राहिलं तर दुखणं सिलेंडरच्या आत, क्वचित पंपाच्या त्या नळीत. माझं सरकलं. त्या रविवारी इतका आनंद झाला की बायको म्हणाली, गाडी बिघडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस पहिल्यांदाच बघतेय.

मग नोजलवाला. नाशिककरांना हे दुकान शोधावं लागत नाही. पंप-नोजल बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं, तरी शहरातलं सर्कल मायको सर्कलच राहिलं आणि मिस्त्रीच्या तोंडी पंपही मायकोच. नोजलवाल्याकडे हातदांड्याची टेस्टिंग मशीन असते. इंजेक्टर तिथेच समोर तपासून घ्या, मागच्या खोलीत नेऊ देऊ नका. चांगला नोजल दांडा दाबला की चिरचिर बोलतो आणि धुक्यासारखा फवारा मारतो. माझा बोलत नव्हता. टोकाशी थेंब जमायचा, लोंबायचा आणि टपकायचा. (बघताना चेहरा आणि हात फवाऱ्यापासून लांब.) तपासून प्रेशर सेट करायला इंजेक्टरमागे शंभर ते दोनशे रुपये, नवा नोजल पाचशे ते नऊशे. मला ७२० चा नोजल, १५० टेस्टिंगचे, ३० चे दोन वायसर पडले. “चारही बदला, सेट लावा” हा आग्रह होईलच. बाकीचे तीन मशीनवर नीट बोलत असतील तर गरज नाही. फक्त प्रेशर चारहींचं सारखं करून घ्या.

मिसिंग सिलेंडरवरच राहिलं तर खर्चाची पायरी वाढते, तरीही थेट इंजिन काम नाही. आधी टॅपेट. क्लिअरन्स कमी होऊन एखादा व्हॉल्व्ह पुरता बसत नसेल तर दाब निसटतो. सेटिंगची मजुरी तीनशे ते सहाशे. मग आयडलला ऑइलचं झाकण काढून बघा. वाफेचा हलका श्वास चालतो, पण धूर जोराने फुसफुसत आला आणि झाकण नुसतं ठेवलं तर उडू लागलं, तर रिंगा गेल्या. रेडिएटरचं झाकण गाडी थंड असतानाच काढा आणि मग इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे, पाणी कमी होत राहणं, ऑइल दुधाळ होणं ही हेड गॅस्केटची लक्षणं. शेवटी डिझेलच्या गेजने कॉम्प्रेशन, चारही सिलेंडरचं. याचे पाचशे ते हजार रुपये पडतात. आकडा किती यापेक्षा चार आकड्यांत फरक किती ते महत्त्वाचं. तीन सारखे आणि एक खूप खाली, तर हेड उतरवणं रास्त. व्हॉल्व्ह, गॅस्केट, प्लेनिंग धरून आठ ते पंधरा हजार. लायनर-पिस्टनपर्यंत गेलं तर पस्तीस ते साठ हजार. तो निर्णय या आकड्यांशिवाय कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. हे सगळे भाव नाशिक परिसरातले, अंदाजाचे. गावागणिक आणि कंपनीगणिक बदलतील.

पंप मात्र घरी खोलू नका. टायमिंग हललं की चालती गाडी बंद करून बसाल.

सीएनजी किंवा पेट्रोलवरच्या छोट्या पिकअपवाल्यांचं काम सोपं आहे. संशयित कॉइल आणि प्लग शेजारच्या सिलेंडरला लावून बघा, युक्ती तीच. प्लग दीडशे-दोनशे, कॉइल बाराशे ते अडीच हजार. पेट्रोलवर सुरळीत आणि फक्त गॅसवर मिसिंग असेल तर आधी प्लग, मग गॅसचा फिल्टर.

“चालतेय तोवर चालवू” हा सगळ्यात महाग पर्याय. गळणाऱ्या नोजलचं कच्चं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला तर गाडी उभी करा, कारण पुढचा बळी बेअरिंग. शिवाय रोजची गळती आहेच. माझी गाडी लिटरला बारा द्यायची, ती नऊवर आली होती. रोज शंभर किलोमीटर धरले तर पावणेतीन लिटर जास्त. डिझेल नव्वदीच्या घरात, म्हणजे दिवसाला अडीचशे रुपये. चार दिवसांत नोजल फुकट झाला असता. मी तीन आठवडे चालवली.

गॅरेजला द्यावीच लागली तर कामाआधी अंदाजपत्रक लिहून घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. काढलेले जुने भाग परत मागा. पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, तेव्हा कुणी अजून २८ लावत असेल तर बोट ठेवा. सदोष भाग विकला आणि दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पुढे जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. “तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही” असं कुणी सांगितलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं स्पष्टीकरण दाखवा: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजली जात नाही. यासाठीही हातात बिल लागतंच. माझं ९०० रुपयांचं बिल आणि तो टपकणारा नोजल अजून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत. परवा डिझेल भरायला थांबलो तर पंचेचाळीस हजारवाला गॅरेजवाला भेटला आणि विचारू लागला, “काय, इंजिन कुठे केलंत?”