गजकर्ण आणि दुकानातले मलम

इगतपुरीकडे भाताची लावणी असो, की निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांवर फवारणी असो, कपडे अंगावरच भिजतात नि अंगावरच वाळतात. मग जांघेत, काखेत, कमरेला नाडी आवळते तिथे खाज सुटते. गोल चट्टा उठतो. त्याची कड लाल व खरखरीत, मधली कातडी मात्र बरी दिसते. हेच गजकर्ण. कोणी नायटा म्हणतात.

रक्त बिघडले म्हणून हे होत नाही. ही एक बारीक बुरशी आहे. घामट कातडीवर ती वाढते आणि टॉवेल, कपडे, अंथरूण यांतून घरभर पसरते.

आपण काय करतो? दुकानदाराला म्हणतो, "खाजेचं मलम द्या." दोन दिवसांत खाज थांबते. आपण खूश! पण अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड नावाचे औषध असते. ते खाज दाबते, बुरशी मारत नाही. उलट तिच्याशी झुंजायची कातडीची ताकदच कमी करते. मलम थांबवले की चट्टा जोराने पसरतो. त्याचा गोल आकारही मोडतो, मग डॉक्टरांनाही तो ओळखणे जड जाते. कातडी पातळ होते. जांघेत चिरांसारखे वळ पडतात, ते पुढे जात नाहीत. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला. तरी ती सर्रास मिळतात, हे आम्ही पाहतोच.

सुरगाण्याहून नाशिकला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. वापरलेली मलमाची नळी फेकू नका, बरोबर न्या. डॉक्टर चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे त्यात दिसतात.

चट्टा फिकट असेल, खाजत नसेल आणि टोचले तरी कळत नसेल, तर गोष्ट वेगळी. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर घेतले की रोग बरा होतो. मात्र बोटे वाकेपर्यंत थांबू नये.

गजकर्णाचे मलम चट्ट्याच्या बाहेर बोटभर लावावे. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावे. खाज गेली की औषध सोडायचे, इथेच आपली माणसे फसतात. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यालाही त्याच वेळी दाखवावे. टॉवेल ज्याचा त्याला वेगळा ठेवावा. कपडे कढत पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवावे.