आधी कीर्द, मग खतावणी

परवा तू म्हणालास, "आत्या, अकरा प्रोजेक्ट चालू आहेत आणि एकही धड हाती लागत नाही. आता स्वतःचंच ॲप लिहितो." लिही. हिंजवडीत दिवसभर दुसऱ्यांसाठी कोड लिहिणाऱ्यानं संध्याकाळी तासभर स्वतःसाठी लिहावा, याचा मला आनंदच आहे. फक्त कीबोर्डला हात लावण्याआधी माझं थोडं ऐक. मी बारा वर्षं भोसरीतल्या कारखान्यात पीपीसीला, म्हणजे उत्पादन नियोजनाला, होते आणि नंतर सोळा वर्षं इथल्या आयटी पार्कात. कोणतं काम कुठे पोचलं, याचा माग ठेवण्यातच माझी नोकरी गेली.

आधी एक दोनशे पानी वही आण आणि पंधरा दिवस तिलाच ॲप समज. एका घडामोडीला एकच ओळ, त्यात तारीख, प्रोजेक्टचं नाव आणि काय झालं ते. तुझे आजोबा दुकानाची कीर्द अशीच लिहायचे. दिवसभर जे घडेल ते घडलं त्या क्रमानं कीर्दीत जायचं आणि रात्री दिवाबत्ती झाल्यावर तिच्यातून ज्याचं त्याचं खातं खतावणीत उतरायचं. पेशवे दफ्तरातही रोजकीर्दी आहेत. ही रीत टिकली, कारण नोंद करताना डोकं चालवावं लागत नाही. ऐन घाईत 'हे कुठल्या खात्यात घालू' असा प्रश्न पडला की नोंद राहते, आणि एक राहिली की दुसरी राहते.

तुझ्या ॲपचं पोट हेच असू दे. कीर्दीचं एकच टेबल, त्यात ओळी फक्त वाढतील, खोडल्या जाणार नाहीत. चुकलं तर दुरुस्तीची नवी ओळ घाल. प्रोजेक्टचं पान म्हणजे खतावणी, ती ॲपनं कीर्दीतून आपोआप काढावी. यासाठी सर्व्हर नको, क्लाउड नको. एसक्यूलाइट 2000 सालापासून आहे, सगळा डेटा एका फाइलीत ठेवतं आणि तुझ्या फोनमध्ये आत्ताही आहे. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी साठव, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

दिसायला कसं असावं यावर फार वेळ घालवू नकोस. माझी कसोटी एकच आहे. बस वाकडच्या पुलापाशी अडकलीय, एक हात दांडीला आणि दुसऱ्या हातात फोन. तेवढ्या अंगठ्यानं दहा सेकंदांत ओळ पडली पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'पेंडिंग' हा शब्द ॲपमध्ये येऊ देऊ नकोस. भोसरीत आमच्याकडे प्रत्येक बिनला प्लास्टिकच्या पाकिटात जॉब कार्ड लटकवलेलं असायचं. एकदा एका फिक्श्चरच्या कार्डावर नुसतं 'पेंडिंग' लिहिलं होतं, त्यावर तेलाच्या बोटाचा ठसा. अकरा दिवस ते कार्ड सगळ्यांनी वाचलं आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी बघतोय. ड्रिलिंगवाल्या वेंडरला माल पाठवायचाच राहिला होता. ते कार्ड मीच लिहिलं होतं. त्या दिवसापासून मी 'थांबलंय' लिहिलं की पुढे दोन गोष्टी लिहितेच: कोणासाठी थांबलंय आणि त्याला कधी विचारायचं. हे दोन रकाने भरल्याशिवाय तुझ्या ॲपनं काम थांबलेल्यांत टाकूच देऊ नये. चालू, थांबलंय, संपलं, सोडून दिलं, एवढ्या चार स्थिती पुरतात. सोडून दिलेलंही लिहावं, त्यानं मन मोकळं होतं.

चालू कामांना मर्यादा घाल. तुझ्यासाठी तीन. टोयोटात ताइइची ओनो यांनी कानबान बसवलं ते याच विचारानं: पुढच्या टप्प्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्यानं नवा माल करायचा नाही. चाकणच्या पट्ट्यात ते कार्ड पोराटोरांना ठाऊक आहे, पण स्वतःच्या कामांना कोणी लावत नाही. चौथं काम चालू करायला गेलास तर ॲपनं विचारावं, तिन्हींपैकी कोणतं थांबवू? आणि चालू कामापुढे पुढचं एकच पाऊल असावं, तेही क्रियापदानं संपणारं. 'घराचं काम' असं नको. 'प्लंबरला फोन करणे' असं हवं.

तू नोंदी मराठीत लिहिणार, म्हणून एक खाच सांगते. 'ॲप' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड 'ॲ' हे एकच अक्षर देतात, काही 'अ' आणि वरचा चंद्र वेगळा देतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. 'दुसऱ्या'तल्या 'ऱ'चंही तसंच. 'ऱ'चा गोंधळ युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननं मिटतो, 'ॲ'चा मिटत नाही. त्यासाठी साठवण्याआधी अक्षर बदलून घेणारी एक ओळ स्वतः लिही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या वेळेत यातलं काही करायचं नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीच्या ओघात केलेलं लिखाण, वेगळा करार नसेल तर, मालकाचं ठरतं, आणि कोडही त्यातच आला. तुझं अपॉइंटमेंट लेटर काढून ते कलम नीट वाच, काहींचे करार याहून कडक असतात. क्लायंटची नावंही ॲपमध्ये नकोत, झाडांची नावं दे. मी चिंच, जांभूळ, उंबर वापरायचे.

माझ्या तीन वर्षांच्या नोंदी एका तयार ॲपमध्ये होत्या. ते बंद झालं, आणि निघालेली फाइल दुसऱ्या कशातच उघडेना. म्हणून पहिल्याच दिवशी एक्स्पोर्टचं बटण कर, साध्या मजकुराची फाइल देणारं. महिन्यातून एकदा ती पेन ड्राइव्हवर घे आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ. उघडून बघितली नाही तर बॅकअप आहे असं धरू नकोस.

शनिवारी सकाळी चहा झाला की वीस मिनिटं सगळी खाती वरून खाली वाच. ज्या खात्यात महिनाभर ओळ पडली नाही ते ॲपनं वर आणून दाखवावं. अकरांतली चार-पाच तिथेच गळतील, गळू देत. पंधरा दिवस झाले की वही घेऊन घरी ये. टेबलचे रकाने आपण दोघं बसून ठरवू.