पाळण्याचा बोल्ट : एक गृहोपयोगी पाठ

बाजारास जाताना आपण मीठ, तेल, कापड ह्यांची आठवण ठेवितो. परंतु बोल्ट आणावयाचा झाला की, "आठाचा एक द्या," एवढे बोलून परततो. ह्या हयगयीने मोठी हानि होऊ शकते. समजा, आजोबांच्या काळच्या लोखंडी पाळण्याचा बोल्ट गंजून तुटला. खामगावच्या बाजारातून नवा आणिला, नट मात्र जुनाच ठेविला. नट दोन फेरे सहज बसला, मग अडला. पान्ह्याने जोर करून तो कसाबसा फिरविला. पाळणा उभा राहिला खरा, परंतु आतले आटे कापले गेले. आता लेकराचा भार कशावर आहे बरे?

असे का घडते? आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्यापूर्वीचे पुष्कळ बोल्ट इंची मापाचे असून त्यांचे आटे व्हिटवर्थ ह्या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली सुचविलेल्या प्रमाणाचे असत. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची, बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड असतो. ८ मिलिमीटरचा जणू त्याचा जुळा भाऊच! परंतु पहिल्याच्या एका इंचात १८ आटे, तर दुसऱ्याच्या नेहमीच्या प्रकारात सुमारे २०. आट्यांचे कोनही निराळे: ५५ व ६० अंश.

ह्यास्तव तीन गोष्टी पाळाव्या.

पहिली, आटे. जुना बोल्ट नटासह दुकानी न्यावा. जुन्या व नव्या बोल्टाचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरावे. मधून उजेड दिसल्यास तो घेऊ नये. भोक आरपार असेल तर बोल्ट व नट दोन्ही एकाच मापाचे नवे घेणे उत्तम. नट बोटांनीच फिरला पाहिजे.

दुसरी, लांबी. ती डोक्याखालून मोजावी. जोडाची जाडी ३२, दोन वायसर ३, नट साडेसहा, बाहेर दोन आटे अडीच, मिळून ४४ मिलिमीटर. म्हणून ४५ चा घ्यावा.

तिसरी, बळ. पुष्कळ बोल्टांच्या डोक्यावर ४.६ किंवा ८.८ असा आकडा असतो, ८.८ चा बोल्ट दुप्पट ताण सोसतो. पाळणा जेथे हेलकावतो तेथे बोल्टाचा गुळगुळीत भाग यावा, आणि नट सैल होऊ नये म्हणून त्यावर दुसरा नट आवळावा.

प्रश्न : १. नट मध्येच अडल्यास जोर का करू नये? २. तुमच्या घरच्या पाळण्याचे नट तुम्ही शेवटी केव्हा तपासिले?