भाचीस पत्र

निलंगा

चि. मृणाल,

तुझे पत्र पोहोचले. चार-चार महिने पाळी न येणे, हनुवटीवर राठ केस उगवणे आणि सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेने बारीक कोशांची रांग दिसणे, एवढ्यावरून आणि थायरॉइडचा दोष नाही याची खातरजमा करून डॉक्टरांनी तुला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असल्याचे सांगितले, ते यथायोग्यच होय. परंतु हे प्रकरण कोणाच्या कानी जाऊ देऊ नये आणि लग्न झाले म्हणजे सारे सुरळीत होईल, हा तुझ्या आईचा निवाडा मला सर्वथा अमान्य आहे, आणि वहिनींचा रोष पत्करूनही मला हे लिहिणे प्राप्त आहे.

ते कोश म्हणजे गाठी नव्हेत. वाढता वाढता अर्ध्यावर थबकलेली ती बीजे आहेत. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या वैद्यांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांची दृष्टी अंडाशयावरच खिळलेली होती आणि त्याचा पाचरीसारखा तुकडा कापून काढणे हा त्यांचा इलाज होता. पुढे ध्यानात आले की पुष्कळ स्त्रियांत शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून इन्शुलिन अधिकाधिक स्रवते, आणि त्या अतिरेकाने चेतवलेले अंडाशय पुरुषी संप्रेरके वाजवीपेक्षा जास्त निर्माण करू लागते. म्हणजे पाळीची अनियमितता ही केवळ वर्दी होय. मामला सबंध देहाचा आहे, आणि तो अक्षतांनी मिटत नाही.

तू शिडशिडीत आहेस म्हणून निर्धास्त राहू नकोस. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली ती प्रसिद्ध केली. तीत रॉटरडॅम येथे ठरलेल्या निदानाच्या निकषांनी शेकडा २२.५ आणि अधिक कडक निकषांनी शेकडा १०.७ मुलींत हा विकार आढळला, आणि त्यांपैकी बहुसंख्य मुली स्थूल नव्हत्या. आपल्या लोकांत सडपातळ देहातही चरबी दडून असते, हे पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी दाखवून दिलेच आहे. तुझे आजोबा जन्मभर काटकुळे होते, तरी मधुमेहाने त्यांना सोडले नाही.

म्हणून साखरेकडे लक्ष दे. ग्लुकोज पाजून करतात ती तपासणी आताच करून घे आणि पुढे एक ते तीन वर्षांच्या अंतराने, डॉक्टर सांगतील तशी, पुन्हा करीत जा. रक्तदाबही दरवर्षी पाहावा. बीज सुटले नाही तर गर्भाशयाचे अस्तर वेळेवर न झडता साचत राहते, आणि अशी वर्षे लोटल्यास त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. सबब तीन महिने पाळी आली नाही तर दिरंगाई न करता दवाखाना गाठावा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या शेजारणीच्या सल्ल्याने बंद करू नयेत. मातृत्वाची काळजी तूर्त बाजूस ठेव, कारण बीज सुटण्यासाठी औषधे आहेत आणि पुष्कळ जणींना त्यांचा गुण येतो. मन विनाकारण खिन्न राहू लागले तर तेही डॉक्टरांना सांग. या विकारात औदासीन्य वारंवार आढळते, तो तुझ्या स्वभावाचा दोष नव्हे.

आहाराविषयी मला फारसे सांगावयाचे नाही. उपाशी राहू नकोस. भाकरी, वरण, पालेभाजी पोटभर खा, गोड व मैदा कमी कर, रोज घाम येईतो चाल. महिनाभरात मुळासकट बरे करण्याची हमी देणाऱ्या चूर्णांवर मात्र बापाचा पैसा उधळू नकोस.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून ज्या विषयांवर उघड लिहिले, त्यांविषयी आपल्या घरांत अद्याप कुजबुजच चालते. उद्या सोयरीक ठरू लागली तर ही गोष्ट मुलाला तू स्वतः, साखरपुड्यापूर्वी, स्पष्ट सांगावीस असे माझे मत आहे. जो तेवढ्यावरून मागे फिरेल तो आधीच फिरलेला बरा.

दिवाळीला येण्यापूर्वी साखरेची तपासणी उरकून तिचा कागद सोबत आण. वहिनींची समजूत मी घालते.

तुझी,
आत्या