पॉइंट म्हणजे पैसा नव्हे: विमान कंपन्यांकडून शिकायचा हिशेब



ग्राहक टिकवण्याच्या योजनांवरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यातला पॉइंटचा मुद्दा आकड्यांनी समजून घ्यायचा आहे. वही-पेन घेऊन बसा.

क्रेडिट कार्डावर माल भरला, कामासाठी विमानाने फिरलात, की खात्यात पॉइंट साठतात. साठवून ठेवावेत असं वाटतं. पण बँकेतल्या पैशावर व्याज मिळतं, पॉइंटवर नाही. आणि पॉइंटचा भाव ठरवते ती कंपनीच.

एका पॉइंटची किंमत किती?

रोख तिकिटाच्या रकमेतून पॉइंटवर तिकीट काढतानाही भरावे लागणारे कर वजा करा. उरलेल्या रकमेला पॉइंटने भागा.

समजा, तिकीट ६,००० रुपये, त्यात कर १,०००, आणि पॉइंट लागतात १०,०००. म्हणजे ५,००० भागिले १०,०००, एक पॉइंट ५० पैशांचा. पुढच्या वर्षी भाडं तेच, पण पॉइंट मागितले १२,५००. आता पॉइंट झाला ४० पैशांचा. खात्यातला आकडा तोच, किंमत मात्र २० टक्क्यांनी घसरली!

किंमत का घसरते?

१. पॉइंट वाढतात, सीट वाढत नाहीत. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये योजना सुरू केली तेव्हा जेवढे मैल उडाल तेवढे मैल खात्यात, असा साधा हिशेब होता. पुढे बँका असे पॉइंट विकत घेऊन कार्डधारकांना वाटू लागल्या. सीटमागे पॉइंट जास्त झाले की भाव पडणारच.

२. दरपत्रक जातं. डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये ठरावीक दरांचे तक्ते काढून टाकले. गर्दीच्या दिवशी त्याच प्रवासाला किती पॉइंट लागतील, ते आधी सांगता येत नाही.

३. कंपनीच बंद पडते किंवा बदलते. किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले. म्हणजे नियम आता एअर इंडियाचे.

तुमच्यासाठी पहिला धडा: पॉइंट मिळाले की वापरा. आणि केवळ पॉइंट मिळतात म्हणून जास्तीची खरेदी करू नका.

आता काउंटरच्या आतल्या बाजूने बघा

तुम्ही बेकरीत किंवा पार्लरमध्ये अशीच योजना सुरू करता. ४०० ग्राहक, प्रत्येकाकडे २५० पॉइंट, एक पॉइंट एक रुपयाचा. किती झाले? एक लाख रुपये! ही तुमच्या डोक्यावरची उधारी आहे. सगळे दिवाळीतच वापरायला आले तर? मोठ्या कंपन्यांनाही न वापरलेले पॉइंट हिशेबात देणं म्हणून दाखवावे लागतात. आपण तर वहीत लिहीतही नाही.

मग भाव कमी करायचा का? विमान कंपनीला ते एक वेळ चालून जातं, कारण त्या मार्गावर दुसरी विमानं मोजकीच असतात. तुमचा ग्राहक मात्र समोरच्या दुकानात जातो, आणि चार जणांना सांगतोही. म्हणून सुरुवातीलाच एवढं करा:

- मुदत कार्डावरच छापा. सहा महिने असेल तर सहा महिने, ठळक अक्षरात.
- बक्षीस सवलतीऐवजी वस्तूत द्या. ५० रुपयांची वस्तू तुम्हाला ३० रुपयांत पडते. ग्राहकाला मिळाले ५०, तुमचे गेले ३०.
- दर महिन्याला किती पॉइंट दिले, किती वापरले गेले, किती बाकी, ते लिहा.
- नियम बदलायचाच असेल तर आधी कळवा, आणि जुने पॉइंट जुन्याच भावाने घ्या.

गृहपाठ: तुमच्या योजनेत आज किती रुपयांचं देणं बाकी आहे ते काढा. योजना सुरू करायची असेल तर पहिल्या सहा महिन्यांचा अंदाज मांडा. ही रक्कम एका महिन्याच्या नफ्यापेक्षा जास्त येत असेल, तर कार्ड छापायला टाकण्याआधी योजना लहान करा.