घटक ४ : विदागारातील विशेषाधिकार – परिभाषा आणि व्यवहार

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• ‘हक्क’, ‘अधिकार’ आणि ‘परवानगी’ या संज्ञांमधील भेद स्पष्ट करता येईल.
• विदागारात विशेषाधिकार कसे दिले, मर्यादित केले व काढून घेतले जातात, हे सांगता येईल.
• याविषयीचा कार्यालयीन आदेश निःसंदिग्ध मराठीत लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विदागार म्हणजे डेटाबेस. माहितीचा तक्त्यांच्या रूपात रचलेला साठा. शासकीय कार्यालयांतील पुष्कळसे दफ्तर आता अशा साठ्यांत आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, हा जुना प्रश्न त्यामुळे ‘साठ्यात बदल करण्याची परवानगी कोणाला असावी’ या रूपात पुढे आला आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने याचा विचार का करावा? कारण परवानगीचे आदेश भाषेत लिहिले जातात. आदेशातील शब्द सैल असेल, तर परवानगीही सैल दिली जाते.

४.२ विषय विवेचन

४.२.१ तीन संज्ञा

मराठीत ‘अधिकार’ हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरला जातो. ‘माझा जमिनीवर अधिकार आहे’, ‘तहसीलदारांना चौकशीचा अधिकार आहे’ आणि ‘या संगणकावर मला सर्व अधिकार आहेत’ ही तीन वाक्ये पाहा. पहिल्या वाक्यात मालकाचा हक्क आहे. दुसऱ्यात कायद्याने पदाला दिलेली सत्ता आहे. तिसऱ्यात केवळ यंत्राने दिलेली मुभा आहे. या पाठात आपण पहिल्यासाठी ‘हक्क’, दुसऱ्यासाठी ‘अधिकार’ आणि तिसऱ्यासाठी ‘परवानगी’ असे शब्द योजू. ‘विशेषाधिकार’ ही रूढ संज्ञा आपण वापरणार असलो, तरी तिचा अर्थ ‘नेहमीपेक्षा वरच्या दर्जाची परवानगी’ एवढाच आहे, हे ध्यानात ठेवावे.

४.२.२ सातबाऱ्याचे उदाहरण

यवतमाळ जिल्ह्यातील सोळाही तालुक्यांत शेतकऱ्याला परिचित असलेला कागद म्हणजे सातबारा. झरी जामणी किंवा घाटंजी तालुक्यातील एखादा खातेदार मरण पावला, तर वारसांची नावे लागण्याची रीत ठरलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी, म्हणजे आपल्या वऱ्हाडी बोलीतला पटवारी, फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकती ऐकल्या जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ई-फेरफार प्रणालीतही तलाठ्याने नोंद तयार करायची व मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची, हीच विभागणी आहे. लेखनप्रमादाची दुरुस्तीसुद्धा मनास येईल तशी करता येत नाही. तिच्यासाठी कलम १५५ ची तरतूद आहे.

आता अशी कल्पना करा, की एखाद्या साठ्यात एका तंत्रज्ञाला सर्वोच्च परवानगी आहे. फेरफार न घेता, नोटीस न देता तो थेट तक्त्यातील नाव किंवा क्षेत्र बदलू शकेल. यंत्र त्याला अडवणार नाही. पण तसे करण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चूक साठ्यात झाली, तरी ती खोटी ठरविण्याचे ओझे शेतकऱ्याच्या माथी येते. परवानगी अधिकारापेक्षा मोठी झाली, की हक्क धोक्यात येतो, तो असा.

४.२.३ परवानगी देणे व काढून घेणे

विदागाराच्या एसक्यूएल भाषेत यासाठी दोन आज्ञा आहेत : ‘ग्रँट’ म्हणजे देणे आणि ‘रिव्होक’ म्हणजे काढून घेणे. वाचणे, नवी नोंद घालणे, नोंद बदलणे व नोंद पुसणे या प्रत्येक क्रियेची परवानगी स्वतंत्रपणे देता येते. अनेक परवानग्यांची मिळून एक ‘भूमिका’, म्हणजे रोल, तयार करता येते. माणूस बदलला, तर भूमिका तशीच ठेवून फक्त तिचा धारक बदलावा.

मायएसक्यूएलमधील ‘रूट’ आणि पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘सुपरयूझर’ ही सर्वोच्च खाती होत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सुपरयूझरने एकदा प्रवेश केला, की पुढची परवानग्यांची तपासणीच होत नाही. पीजीॲडमिन किंवा पीएचपीमायॲडमिन यांसारख्या साधनांत हे सारे खुणा करून करता येते. ‘सर्व’ या एका चौकटीवर खूण करणे सोपे असते; म्हणूनच ते टाळावे लागते.

४.२.४ तीन मर्यादा

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकीय माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक असे, की प्रत्येकाला कामापुरतीच किमान परवानगी असावी. त्यावरून व्यवहारात तीन मर्यादा पाळाव्यात.

(अ) कामाची मर्यादा : ज्याला अहवाल पाहायचा आहे, त्याला फक्त वाचनाची परवानगी द्यावी.
(आ) काळाची मर्यादा : काम संपताच परवानगी काढावी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘व्हॅलिड अंटिल’ अशी तारीख घालता येते. पण त्या तारखेला फक्त पासवर्ड निकामी होतो, परवानग्या आपोआप जात नाहीत. त्या माणसानेच काढाव्या लागतात.
(इ) दानाची मर्यादा : मिळालेली परवानगी पुढे दुसऱ्याला देण्याची मुभा अपवादानेच द्यावी. नाही तर साखळी वाढत जाते आणि मूळ देणाऱ्यालाही धारक ओळखता येत नाहीत.

याशिवाय एकच खाते अनेकांनी वापरू नये. सामायिक खात्याच्या नोंदीवरून बदल झाला हे कळते, पण तो कोणी केला हे कळत नाही.

४.२.५ आदेशाची भाषा

पुढील दोन वाक्ये ताडून पाहा.

१. ‘संबंधित कर्मचाऱ्यास साठ्याचे सर्व अधिकार देण्यात येत आहेत.’
२. ‘संबंधित कर्मचाऱ्यास वारस नोंदींच्या तक्त्यात वाचन व दुरुस्ती यांची परवानगी १० ते १४ जून या मुदतीत देण्यात येत आहे. १५ जून रोजी ती काढून घेऊन तसा अहवाल विदागार प्रशासकाने सादर करावा.’

पहिल्या वाक्यात काम नाही, मुदत नाही आणि परवानगी काढून घेणाराही नाही. दुसऱ्यात तिन्ही आहेत. शिवाय ‘अधिकार’ऐवजी ‘परवानगी’ हा शब्द आल्याने ती परत घ्यायची वस्तू आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप उमगते.

४.३ सारांश

हक्क खातेदाराचा, अधिकार पदाचा आणि परवानगी कामाची असते. विशेषाधिकार काम व काळ यांनी बांधलेला असावा आणि तो काढून घेण्याची जबाबदारी आदेशातच नेमलेली असावी.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘परवानगी आहे, पण अधिकार नाही’ ही स्थिती सातबाऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. नोंद करणारा व प्रमाणित करणारा वेगळा का असावा?
३. तुमच्या परिचयातील ग्रंथालय, पतसंस्था किंवा ग्रामपंचायत यांपैकी एका ठिकाणासाठी मर्यादित परवानगीचा पाच ओळींचा आदेश लिहा.