कण आणि कस

नागपूर शहराच्या दक्षिण भागात सक्करदरा ही जुनी वस्ती आहे. तेथे तलाव आहे आणि बुधवारचा बाजार आहे. कोणत्याही भाजीबाजारात दिसते ते येथेही दिसते. गिऱ्हाईक मुळ्याची जुडी निवडते, पाला तेथेच मोडून टाकते आणि पांढरे मुळे तेवढे पिशवीत घालून घरी नेते. बाजार उठल्यावर मागे हिरव्या पाल्याचा ढीग उरतो.

अन्न वाया जाते ते ताटातूनच, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः अन्नाची नासाडी दोन वाटांनी होते. ताटात टाकलेला घास किंवा पंगतीनंतर फेकलेला भात ही डोळ्यांना दिसणारी नासाडी होय. येथे अन्नाचा कण वाया जातो. दुसरी नासाडी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पिठातला कोंडा चाळून फेकला, भाताची पेज ओतून दिली, भाजीचा पाला मोडून टाकला, म्हणजे अन्नाचा कस वाया जातो. पोट भरते, पण शरीर उपाशीच राहते.

हा कस राखण्याचा एक मोठा प्रयोग नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटरांवर, वर्धा येथे झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व तेथील घर महात्मा गांधींच्या स्वाधीन केले. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याच्या कामाचा भार उचलला. मगनवाडीत तेलाची घाणी फिरू लागली, तांदूळ हाताने सडला जाऊ लागला आणि पीठ जात्यावर दळले जाऊ लागले.

हातसडीच्या तांदळाचा एवढा आग्रह कशासाठी? तांदळाच्या दाण्यावर, टरफलाच्या आत, एक पातळ तांबूस आवरण असते. गिरणीत तांदूळ शुभ्र करताना ते निघून जाते आणि त्याबरोबर ‘ब१’ जीवनसत्त्वही जाते. ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर पाहिले, की पांढऱ्या भातावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांना होणाऱ्या बेरीबेरी या रोगाचे मूळ शोधण्यास त्यामुळे साहाय्य झाले. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शुभ्रतेच्या हौसेपायी माणूस धान्यातले सत्त्व स्वतःच्या हाताने दूर करीत होता!

गांधीजींनी स्वतःच्या आहारावरही प्रयोग केले. १९३५ साली ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी हिरव्या पाल्याच्या उपयोगाविषयी लिहिले. त्यात मुळ्याच्या व गाजराच्या पाल्याचाही उल्लेख होता. गरिबाला फळे व दूध परवडत नाही. पण मूठभर पाला त्याच्याही ताटात येऊ शकतो.

कस राखण्याबरोबर कण राखणेही तितकेच अगत्याचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न, सालीदेठांसह, वाया गेले. त्याच्या शंभर भागांतील साठ भाग घरांतून टाकले गेले होते. म्हणजे नासाडीचा सर्वांत मोठा वाटा समारंभांचा नव्हे, तर रोजच्या स्वयंपाकघराचा आहे.

समारंभांतील अन्नासाठी मुंबईच्या डबेवाल्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘रोटी बँक’ सुरू केली. लग्नकार्यांत उरलेले अन्न गोळा करून ते भुकेलेल्यांपर्यंत पोहोचवायचे, हा तिचा हेतू होता. अशा कामात ‘उरलेले’ आणि ‘उष्टे’ यांतला भेद पाळावा लागतो. ताटातले उष्टे कोणालाही देऊ नये. पातेल्यातले स्वच्छ, झाकलेले अन्न तेवढे द्यावे आणि तेही विनाविलंब. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर चढतो. त्या उन्हाळ्यात दुपारचा भात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दान घेणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी नसेल, तर ते दान कसले?

घरच्या स्वयंपाकाला हा विचार नवा नाही. मुळ्याच्या पाल्याला बेसन लावून चवदार भाजी होते. रात्रीच्या पोळीचा सकाळी फोडणी देऊन कुस्करा होतो. ज्वारीच्या पिठाची आंबील उन्हाळ्यात थंडावा देते. असे पदार्थ खाणे काही जणांना कमीपणाचे वाटते. पण ते दारिद्र्याचे लक्षण नसून शहाणपणाचे आहे. दाणा पिकवण्यासाठी शेतकरी चार महिने ऊन-पाऊस सोसतो. त्यातला कण सांडू न देणे आणि कस घालवू न देणे, हाच त्याच्या श्रमांचा खरा मान होय.

शब्दार्थ

कस – सत्त्व, पोषक अंश.
सडणे – कांडून धान्यावरील टरफल काढणे.
अगत्याचे – आवश्यक, महत्त्वाचे.

स्वाध्याय

१. अन्नाची नासाडी कोणत्या दोन वाटांनी होते? प्रत्येकीची दोन उदाहरणे लिहा.
२. कारण सांगा : मगनवाडीत हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला जाई.
३. ‘उरलेले’ आणि ‘उष्टे’ यांतला भेद स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी आठवडाभर काय काय टाकले जाते याची नोंद ठेवा. त्यातले काय उपयोगी पडले असते, ते आई-वडिलांना किंवा आजीला विचारून लिहा.